थोरल्या भावजींच्या समोर

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे महाडच्या एस्टी स्टँडवर एक वडापाव दोघांत खाल्ला. वडा तिनं खाल्ला, पाव मी खाल्ला. मिरची कागदात तशीच राहिली. तिचं प्रेशर तपासायला आलो होतो. दवाखान्यात नंबर लवकर लागतो म्हणून पोलादपूरच्या वरनं, आमच्या वाडीवरनं, पहिल्या गाडीनं निघालेलो. मी नंबर धरून बाकड्यावर बसलो आणि ती पिशवी घेऊन "आले हां" म्हणून बाजारात गेली. परत आली तेव्हा पिशवी रिकामी. डॉक्टरनं गोळ्या बदलल्या, मीठ कमी करा म्हणाला. मग तो वडापाव.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. पोलादपूर यायच्या आधी म्हणाली, "विळी दिलीय धारेला. पातं पण हलत होतं, बसवून द्या म्हटलंय. थोरल्या भावजींच्या समोर दिलीय. मामंजींच्या वारी मिळल. मला नाय जमलं तर तुम्ही आणा."

"बरं," म्हटलं. मला सगळं कळलं होतं. निदान तसं वाटलं होतं.

आता ही तिची भाषा जरा सांगावी लागेल, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारीला भ्रम झाला होता. तसं काही नव्हतं. आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण सासूचं, सासऱ्याचं, थोरल्या दिराचंही घेत नाहीत. आणि तेवढ्यावर भागत नाही. ते नाव दुसऱ्या कशाला असलं तर त्याचंही नाव घेत नाहीत. माझ्या बापाचं नाव वारावरनं ठेवलेलं. म्हणून तो वार तिच्या तोंडात आयुष्यात आला नाही. ती "मामंजींचा वार" म्हणायची. माझ्या आयेचं नाव आणि आमच्या नदीचं नाव एकच. नदीला ती "सासूबाय" म्हणायची. पावसात पाणी चढलं की ओटीवरनं ओरडायची, "सासूबाय वाढल्यात गो!" आये आतनं म्हणायची, "मी कशाला वाढते? मी झिजले तुझ्या घरात."

माझं तर विचारूच नका. महाडच्या बाजारात मोठं देऊळ आहे. त्या देवाचं नाव ते माझं नाव. ती त्याला "ह्यांचं देऊळ" म्हणायची. एकदा मुंबईच्या व्याह्याला तिनं फोनवर सांगितलं, "महाडात उतरा आणि ह्यांच्या देवळापाशी थांबा." त्याला वाटलं मी देऊळ बांधलं. आला तो पेढे घेऊनच.

असं हे सगळं मला सवयीचं होतं. म्हणून थोरल्या भावजींच्या समोर म्हणजे कुठं, हे मी विचारलं नाही. माझा थोरला भाऊ तरणा असताना महाडात भातगिरणीवर कामाला होता. पुढं मुंबईला गेला, तिकडंच वारला, त्यालाही किती वर्षं झाली. थोरले भावजी म्हणजे गिरणी. यात विचारायचं काय?

पुढचा मामंजींचा वार यायच्या आत ती गेली. सकाळी चहा ठेवला, पाटावर बसली, आणि बसल्या जागी कलली. मी म्हटलं, "काय गो?" तर काही नाही. हे मी एवढंच लिहितो.

दिवसपाणी झालं. माणसं आली, जेवली, गेली. मुलगा पंधरवडाभर राहिला, मग त्याची रजा संपली. त्याची बायको जाताना डबे भरून गेली, डाळ कुठं, गूळ कुठं ते सांगून गेली. मग घरात मी, मांजर आणि विळीची रिकामी जागा. चुलीच्या डाव्या अंगाला भिंतीशी ती विळी आडवी ठेवलेली असायची. तिथं सारवणात तिच्या पाटाची खूण होती. मी रोज तिकडं हात न्यायचो आणि हात तसाच परत यायचा. कोयतीनं कांदा कापत होतो. कोयतीनं कांदा कापणारा माणूस कुणी बघितलाय? अर्धा कांदा चुलीत जातो.

मुलाला फोनवर बोललो तर म्हणाला, "बाबा, मी इकडनं चाकू पाठवतो. बोर्ड पण पाठवतो. स्टीलची फोल्डिंगची विळी पण भेटते, ऑनलाइन."

"मला ती पायजे."

"अवो, पण ती हाय कुठं?"

"थोरल्या भावजींच्या समोर."

त्यानं फोन बाजूला धरला. मग बायकोशी हळू काहीतरी बोलला. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही थोडे दिवस इकडं या." म्हणजे त्याला वाटलं मी चळलो.

मला ती विळीच पाहिजे होती. तिनं सांगितलेलं शेवटचं काम ते, आणि ते माझ्याच्यानं होत नव्हतं. दुसरं काही नाही.

मामंजींच्या वारी महाडला जायचो. जेवून निघायचं, दुपारी पोचायचं. गिरणी होती तिथं आता शटरची दुकानं आहेत. मोबाइलचं कव्हर, गॅसची शेगडी, असलं. समोर रस्ता, रस्त्यापलीकडं औषधाचं दुकान. धारवाला कुठं? औषधवाल्याला विचारलं, "इथं धार लावणारा बसतो?" तो म्हणाला, "काका, इथं मीच बसतो." लोहाराकडं गेलो. त्यानं त्याच्याकडच्या सगळ्या विळ्या काढून दाखवल्या, आपली नव्हती. पुढच्या वारी परत. त्याच्या पुढच्या वारी परत. गिरणीसमोर उभा राहायचो आणि गाडीची वेळ झाली की निघायचो. शेगडीवाल्याला वाटायला लागलं मी त्याच्याकडं काही मागायला येतो.

मग एकदा वार चुकला.

ती गेल्यापासनं माझे वार गडबडले होते. पूर्वी कालनिर्णयाची गरज नव्हती, तिच्या बोलण्यावरनं वार कळायचा. आज अमक्याचा उपास, आज तमकं खायचं नाही. आता सगळे वार सारखेच. तर मी मामंजींचा वार समजून महाडला गेलो आणि सगळं बंद. शटरं खाली. गिरणीच्या जागी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, कुणी गेलं की काय? बंद पुकारलाय की काय? शेवटी कट्ट्यावर बसलो.

तेवढ्यात पंधरा-वीस माणसं आली. डोक्याला टोप्या, पायात बूट, पाठीला बाटल्या. पुढं एक बाई, पन्नाशीची असेल, महाडचीच. आधी शाळेत शिकवायची म्हणे. ती थांबली, माझ्याकडं पाठ केली आणि मोठ्यानं म्हणाली, "मंडळी, इथं उभं राहा. ह्या जागेवर पूर्वी महाडची जुनी भातगिरणी होती."

मी उठून उभा राहिलो. गिरणी होती हे महाडात अजून कुणाला ठाऊक आहे म्हणून मला बरं वाटलं. ती सांगत होती, घाटावरनं आणि खालनं माल कसा यायचा, खाडीतनं गलबतं कशी चढायची, पेठ कशी वसली. माणसं फोटो काढत होती. कशाचा काढत होती देव जाणे. शेगडीच्या बंद दुकानाचा.

मी म्हटलं, "बाई, हिच्यासमोर धारवाला कुठं बसायचा?"

ती वळली. "कोण, काका?"

"धारवाला. विळीला धार लावणारा."

"ते नाही बाई मला माहीत. पण तुम्ही इथलेच का? या ना आमच्याबरोबर. आम्ही जुनं महाड चालत बघतोय. जुन्या सगळ्या जागा."

"सगळ्या?"

"जेवढ्या दोन तासांत होतील तेवढ्या."

मी विचार केला, सगळ्या जुन्या जागा फिरणार तर एखादीसमोर धारवाला सापडेल. "आज वार कोणता?" विचारलं तर एकजण हसून म्हणाला, "आजोबा, सुट्टीचा वार. म्हणून तर आलो." म्हणजे मामंजींचा वार उद्या. आलोच होतो तर चाललो त्यांच्याबरोबर.

अशी माणसं मी बघितली नव्हती. कुठं पोचायचं नसताना चालत होती. आम्ही चालतो ते गाडी चुकू नये म्हणून, नाहीतर दळण आणायला. ही माणसं एका दरवाज्यासमोर उभी राहायची आणि कुणालाही हाक मारायची नाहीत. आतली बाई बाहेर येऊन विचारायची, "कोण पायजे?" तर म्हणायची, "कुणी नाही, दरवाजा बघतोय."

पेठेत एका भिंतीवर पुराची खूण होती. बाई म्हणाली, "इथपर्यंत पाणी आलं होतं." सगळ्यांनी माना वर केल्या. खूण माझ्या डोक्याच्या वर होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, सासूबाय इथवर आली होती."

माझ्या शेजारी पुण्याची एक म्हातारी होती, गुडघ्याला पट्टा बांधलेली. ती म्हणाली, "अगंबाई! तुमच्या सासूबाई पुरात सापडल्या होत्या?"

"माझी नाय हो. हिची. म्हंजे माझी आये. ती नाय. नदी."

तिनं माझ्याकडं मुलानं फोनवर पाहिलं असतं तसं पाहिलं आणि बाटली पुढं केली. "पाणी घ्या थोडं. ऊन आहे." मी घेतलं.

पुढं एक बोळ लागला. बोळाच्या तोंडाशी भिंतीत बसवलेलं हातभर देऊळ आहे, लोखंडी जाळीचं. आम्ही त्याला बोळातला देव म्हणतो. मी आयुष्यभर त्याच्यावरनं गेलोय, जाताना हात जोडलेत. बाईनं जाळीवरच्या पाटीची शेंदरानं भरलेली अक्षरं बोटानं पुसली आणि त्या देवाचं खरं नाव वाचलं. मला ते नाव नवीनच होतं. "बोलताना कुणी हे नाव घेत नाही," ती म्हणाली, "पण पाटीवर आहे." मग तिनं आजूबाजूच्या अजून दोन-चार देवांची नावं सांगितली, एका विहिरीचं सांगितलं, एका आळीचं सांगितलं. माझ्या डोक्यात एवढी नावं मावेनात. समोर एक बंद शटर आणि दगडी पायरी होती. पायरीवर कुत्रं झोपलं होतं. आम्ही पुढं गेलो.

मग मोठं देऊळ आलं. बाईनं सांगायला सुरुवात केली आणि देवाचं नाव घेतलं, चांगलं ठणकावून, दोनदा. मला उगाच वाटलं मलाच हाक मारतेय. मी म्हणालो, "माझी बायको हे नाव घेत नसे."

"का?"

"माझं नाव ते. ती 'ह्यांचं देऊळ' म्हणायची."

बाया हसल्या. वाईट नाही हसल्या. पुण्याची म्हातारी म्हणाली, "आमच्या सासूबाई साखरेला 'गोड' म्हणायच्या. सासऱ्यांची आई साखरबाई!" मग तिला नदीची सासूबाय कळली आणि ती माझ्या पाठीवर थाप मारून इतकी हसली की तिचा पट्टा सुटला. "आणि मी बाई तुम्हाला पाणी पाजलं!"

बाई म्हणाली, "काका, हे फार छान आहे. अजून कोणत्या जागांना त्यांची अशी नावं होती?"

मी सांगितलं. नदी झाली, देऊळ झालं. "आणि गिरणी. गिरणीला थोरले भावजी."

"म्हणजे गिरणीचं नाव तुमच्या भावाच्या नावावर होतं?"

"नाय. तो तिथं कामाला होता."

ती थांबली. शाळेत मास्तरीण फळ्यापाशी थांबते तशी. "मग काका, गिरणी म्हणायला त्यांना काय अडचण? 'गिरणी' हे काही दिराचं नाव नाही."

मी देवळाच्या पायरीवर टेकलो.

"त्या फक्त नाव सारखं असलं तरच दुसरं म्हणायच्या ना? मग थोरले भावजी म्हणजे तुमच्या भावाच्या नावाची कुठली तरी जागा असणार. भावाचं नाव काय?"

"दादा."

"नाही, ते तुम्ही म्हणत असाल. नाव?"

"गावात बाबू म्हणायचे."

"पाळण्यातलं?"

देवळाच्या पायरीवर, पंधरा-वीस माणसांसमोर, मला माझ्या सख्ख्या भावाचं नाव येईना. तो माझ्यापेक्षा इतका मोठा की मला कळतं झालं तेव्हा त्याला मिशा होत्या. घरात दादा, गावात बाबू, मुंबईला गेला तिकडं काय म्हणत असतील ते म्हणत असतील. त्याचे कागद त्याच्या मुलानं केले. मला कधी त्याचं नाव लागलंच नाही. एक कॅमेरावाला म्हणाला, "आधारकार्ड बघा ना आजोबा." त्याला म्हटलं, "तो मेला तेव्हा तुमचं आधार जन्मलं नव्हतं." मला राग आला होता. त्याच्यावर नाही, पण कुणावर ते समजत नव्हतं.

शेवटी चवदार तळ्यावर आलो. तिथं बाई आवाज न चढवता बोलली. पाण्यावर सगळ्यांचा हक्क, तो मिळवायला माणसं इथं कशी चालत आली, ते सांगितलं. हे मला ठाऊक होतं. दर मार्चात इथं पाय ठेवायला जागा नसते, आमच्या गाड्या भरून येतात.  कुणी फोटो काढला नाही. मीही काठावर बसलो, पण माझं मन तिथं नव्हतं. पाण्याकडं बघत मी नावं लावून बघत होतो. मघाशी ऐकलेले देव एकेक करून दादाला चिकटवत होतो. ह्या नावाचा दादा? त्या नावाचा दादा? सगळेच बसत होते आणि एकही बसत नव्हतं.

पुण्याच्या म्हातारीनं निघताना विचारलं, "सापडेल ना हो तुमची विळी?"

"जिला ठाऊक होतं ती गेली," मी म्हणालो. मग घाईनं गाडी पकडली.

गाडीत बसल्यावर आठवलं की अजून एकीला ठाऊक आहे. दादाची बायको, माझी वहिनी. दादा गेल्यावर ती मुंबई सोडून वाडीवर आली ती आलीच. आमच्या वरच्या अंगाला तिचं घर. लग्न होऊन आली तेव्हा मी ओढ्यात डुंबायच्या वयाचा, तिनं मला न्हाऊ घातलेलं, म्हणून मला एकेरी बोलते. अजून दात चार आहेत पण बोलणं बत्तीस दातांचं.

ती शेळीला पाला घालत होती. मी सरळ विचारलं, "वयनी, दादाचं नाव काय गो?"

"कुणाच्या दादाचं?"

"माझ्या. तुझ्या नवऱ्याचं."

तिनं पाला खाली ठेवला. "तुला भावाचं नाव ठावं नाय?"

"नाय."

"आये गो!" ती शेळीला म्हणाली. "ऐकलंस का? पिकलं तरी ह्याचं हिरवंच."

"सांग ना."

"मी कशी घेऊ नाव?"

"आता काय हरकत? तो हाय कुठं?"

"मेला म्हणून काय नवरा नाय का माझा? तू मेलेल्या बायकोची विळी हुडकत हिंडतोस महाडभर, अख्ख्या वाडीला ठावं हाय, आणि मला विचारतोस तो हाय कुठं!"

 मग तिला सगळं सांगितलं. गिरणी, टोपीवाले, मास्तरीण काय म्हणाली ते.

वहिनी म्हणाली, "शहाणी हाय ती मास्तरीण. तुझ्यापरीस शहाणी. अरे, तुझी बायको लगीन होऊन आली तेव्हा आयेनं तिला खालच्या घरी ओटीवर बसवलं. मी बाजूलाच होते. कानात एकेक नाव सांगितलं. हे घ्यायचं नाय, हे घ्यायचं नाय. ती पोर तोंडातल्या तोंडात घोकत होती. जे नाव घ्यायचं नाय ते आधी पाठ करावं लागतं रे. तुम्हाला पुरुषांना काय, घ्यायची मोकळीक, म्हणून तुमच्या ध्यानात काय नाय."

"मग तू सांग."

"तुला नाय सांगायची. शेळीला सांगते. तू तिकडं तोंड कर."

मी डोंगराकडं तोंड केलं. मागं तिनं घसा साफ केला. म्हातारीनं लाजत, लग्नात घेतात तसा, उखाणा घेतला:

"नाचणीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा,
…रावांचा भाऊ म्हातारा झाला तरी भोळा."

मधलं नाव मी इथं लिहीत नाही. तिनं ते शेळीला सांगितलंय. पण ते ऐकलं आणि मला मास्तरणीचं बोट दिसलं, शेंदूर पुसताना. बोळातला देव. आणि समोरची ती पायरी, कुत्र्याची.

मी वळलो तर वहिनी पदर तोंडाला लावून बसली होती. हसत होती की काय करत होती, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. म्हटलं, "पण मी आज तिथनंच गेलो. तिथं कुणी नव्हतं."

"आज वार कोणता? आणि मामंजींच्या वारी तू जातोस ते जेवूनखाऊन, दुपारी. ती कोणत्या गाडीनं गेली होती?"

"पहिल्या."

"मग?" वहिनी म्हणाली. "दुसऱ्याच्या दारात बसणारा माणूस तुझ्यासाठी दुपारपातुर दुकान मांडून बसल? दुकानवाल्यानं शटर उघडलं की त्याला उठायला लागतं. जा आता. जेवलायस?"

"नाय."

तिनं भाकरी दिली. मी ती तिथंच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी धरली. कंडक्टर म्हणाला, "काय बाबा, आज एकटेच?" त्याला बातमी नसावी, किंवा विसरला असावा. मी म्हटलं, "एकच महाड."

बोळात गेलो तेव्हा शटर बंद होतं आणि पायरीवर एक माणूस सायकल उलटी उभी करून चाक फिरवत होता. चाकाला सहाणेचा दगड. ठिणग्या उडत होत्या. तसा माझ्याच वयाचा, कानाला मफलर. मी आधी जाळीतल्या देवाला हात जोडले. त्याला काय म्हणायचं ते मला सुचेना. देव म्हणू का दादा?

"इथं एका बाईनं विळी दिली होती," मी म्हणालो.

"लई दिवस झालं काय?"

"लई दिवस."

त्यानं गोणपाट उलगडलं. न नेलेल्या पाच-सहा विळ्या होत्या. मी झटकन एक उचलली. "हीच."

"ती नाय, ती हॉटेलवाल्याची," तो म्हणाला. "तुमची ही."

मी बघत राहिलो. मला ती ओळखू आली नाही. पातं घासून पांढरं झालेलं, नवा खिळा मारलेला, पाटाची एक बाजू तासलेली. मग पाटाच्या मागच्या अंगाला पाय ठेवून ठेवून पडलेला खळगा दिसला, तिथं बोट ठेवलं.

"बाई सारख्या सांगत होत्या, पातं हलता कामा नये," तो म्हणाला. "आल्या नायत त्या?"

"नाय."

"बऱ्या हायत ना?"

मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं त्या बोळात बोलवेना. सायकलचं चाक अजून हळूहळू फिरत होतं. मी म्हणालो, "पातं चांगलं बसवलंयस." त्यानं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. विळी वर्तमानपत्रात गुंडाळली, वरनं सुतळी बांधली. म्हणाला, "जपून हां. आता लई तेज हाय."

वाटेत भाजीला शिराळी घेतली. घरी पोचलो तेव्हा ऊन ओटीवर यायचं होतं. कागद सोडला, विळी चुलीपुढं ठेवली आणि तिच्यासमोर उभा राहिलो. बसायचं कसं ते मला माहीत नव्हतं. आयुष्यभर हिला बसलेली बघितली, पण डावा पाय पाटावर असायचा की उजवा? गुडघा वर असायचा की मांडी घातलेली? आधी उजवा ठेवला, तर पातं माझ्याकडंच आलं. मग डावा ठेवला. पातं सरळ झालं, पण हात कुठून न्यायचा ते कळेना, कोपर गुडघ्याला अडकायला लागलं. मांजर लांब जाऊन बसलं.

उठून परत बसलो. खळग्यात टाच ठेवून बघितली. माझी टाच मोठी, मावली नाही. मग नुसती बोटं ठेवली आणि शिराळं पात्याला लावलं. पातं हललं नाही. फोडी काही जाड झाल्या, काही पातळ. शिरा काढायच्या राहिल्याच होत्या, ते कापून झाल्यावर लक्षात आलं. तशाच फोडणीला टाकल्या.